गाडीची बॅटरी सारखी बिघडतेय? कायद्याने काय काय करता येतं, अगदी पहिल्यापासून

चौथ्यांदा गाडी टो होऊन सर्व्हिस सेंटरला गेली तेव्हा मी आधीची तीन जॉब कार्डं (गाडी आत घेताना सेंटर तक्रार लिहून देतं ते कागद) पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवून नीट वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. पहिल्यावर लिहिलं होतं 'जनरल चेकअप', दुसऱ्यावर 'सॉफ्टवेअर अपडेट', तिसऱ्यावर 'बॅटरी चेक, ओके'. गाडी भर रस्त्यात चालता चालता बंद पडली होती हे तिन्हींपैकी एकाही कागदावर नव्हतं. मी तोंडानं सगळं सांगितलं होतं, ॲडव्हायझरनं मान डोलावली होती, आणि त्यानं टॅबवर जे टाइप केलं त्याखाली मी न वाचता सही ठोकून आले होते. म्हणजे कागदोपत्री माझी गाडी ठणठणीत होती आणि मीच हौसेनं दर महिन्याला ती टो करून नेत होते.

म्हणून जे नवीन आहेत, ज्यांची इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा रुसलीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी वकील नाही, पण दोन-अडीच वर्षं या भानगडीत घालवलीत आणि जे शेवटी कळलं ते सुरुवातीला कळलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता.

आधी एक गैरसमज काढून टाका. इंटरनेटवर 'लेमन लॉ' वाचून खूप जण विचारतात की तीनदा रिपेअर झाली की कंपनीला गाडी बदलून द्यावीच लागते ना? तो अमेरिकेतला प्रकार आहे. आपल्याकडे इतक्यांदा बिघडली की गाडी परत, असा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला, आणि त्यात वस्तूतला 'दोष' आणि सेवेतली 'त्रुटी' या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. आकडा नसल्यामुळे 'वारंवार बिघडली' हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ते सिद्ध होतं कागदांनी. त्यामुळे खाली बराच वेळ मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच घालवणार आहे, कंटाळू नका.

पायरी १: नक्की कुठली बॅटरी?

हे हास्यास्पद वाटेल पण निम्म्या लोकांना माहीतच नसतं की इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक खाली फ्लोअरला बसवलेला मोठा पॅक, जो मोटर फिरवतो, आणि दुसरी साधी १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच, जी लॉक, स्क्रीन, दिवे, कंट्रोलर हे सगळं जागं करते. ही छोटी बसली की मोठा पॅक ९० टक्के भरलेला असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते. छोटीला चार्ज करायला इथे अल्टरनेटर नसतो, मोठ्या पॅकमधून तिला वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, आणि तो बिघडला तर नवीन १२ व्होल्टची बॅटरी टाकली तरी महिन्याभरात परत तेच. माझ्या ओळखीतल्या एकांच्या गाडीत वर्षभरात तीन छोट्या बॅटऱ्या बदलल्या, तिन्ही 'वॉरंटीत फुकट', आणि ते खूश होते बिचारे! मूळ रोग तसाच.

पेट्रोल-डिझेलवाल्यांनाही हेच लागू. बॅटरी सारखी उतरते म्हणजे बॅटरीच खराब असं नाही, गाडी बंद असताना कुठला तरी इलेक्ट्रॉनिक भाग झोपत नसेल आणि करंट खात असेल. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली म्हणजे जवळजवळ रिकामी. साधा मल्टिमीटर घ्या, रात्री मोजा, सकाळी मोजा, फोटो काढा. पुढे तक्रारीत 'बॅटरी खराब' असं न लिहिता 'गाडी बंद असताना बॅटरी उतरते, तीनदा बदलूनही तेच' असं लिहिता येतं, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे कारण पहिल्यात दोष छोट्या बॅटरीच्या कंपनीवर ढकलता येतो आणि दुसऱ्यात गाडीवर येतो.

मोठ्या पॅकच्या बाबतीत दोष तीन-चार प्रकारचे असतात: एखादा सेल किंवा मॉड्यूल (सेलचा गट) कमजोर होऊन चार्ज एकदम २५ वरून ३ टक्क्यांवर पडणं, इन्सुलेशन फॉल्ट (वीज जिथे जायला नको तिथे झिरपणं) येऊन गाडी सुरूच न होणं, पॅकवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा गोंधळून पॉवर कापणं, आणि हळूहळू क्षमता घटणं. शेवटच्याचं भांडण वेगळं असतं, ते खाली येतंच.

आणि हो, जळका वास, पॅककडून फुसफुस आवाज किंवा धूर आला तर कायदा-बियदा नंतर. गाडी थांबवा, सगळे उतरा, लांब जा, फायर ब्रिगेडला फोन.

पायरी २: वॉरंटीचं पुस्तक अख्खं वाचा

ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेलं असतं ते. मोठ्या पॅकला आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते, पण १२ व्होल्टच्या बॅटरीची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते, आणि कन्व्हर्टर-चार्जरची अजून तिसरी असू शकते. हे तीन आकडे तुमच्या पुस्तकातून बघून कागदावर लिहून ठेवा.

मग क्षमतेचं कलम शोधा. एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत, नवीन असताना १०० टक्के, आणि बहुतेक ठिकाणी ती वॉरंटीच्या काळात ७० च्या खाली गेली तरच कंपनी दुरुस्त करते किंवा बदलून देते. गंमत म्हणजे मोजायची पद्धत कंपनीची, यंत्र कंपनीचं आणि निकालही कंपनीचाच. तुम्ही म्हणणार 'रेंज ३०० वरून १९० झाली', ते म्हणणार 'एसी चालवता, घाट चढता, स्पीड जास्त', आणि त्यात थोडं तथ्य असतंच. म्हणून रेंजवर भांडू नका, युनिटवर भांडा. समजा पॅक ४० किलोवॉट-अवरचा आहे, तर २० वरून ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे ६० टक्के भरायला पॅकमध्ये साधारण २४ युनिट जायला हवेत. भिंतीवरच्या मीटरला त्याहून थोडे जास्त दिसतील कारण चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते. आता जर तेवढंच चार्ज करायला दर वेळी १७-१८ च युनिट लागत असतील तर पॅक आतून आक्रसलाय. सात-आठ वेळा मोजा, मीटरचे आधी-नंतरचे फोटो काढा. हा काही लॅबचा रिपोर्ट नाही, पण तज्ज्ञ तपासणी मागायला भक्कम कारण होतं.

अपवादांचं पानही वाचा. बाहेरच्या गॅरेजमध्ये वायर कापून डॅशकॅम किंवा जादा लाइट बसवलेत, तर तो मुद्दा शंभर टक्के येणार. कायद्याच्या कलम ८७ मध्येही वस्तूत फेरफार किंवा गैरवापर केला असेल तर विकणाऱ्याला सुटायची वाट आहे. तक्रार चालू असताना गाडीला बाहेरचा हात लावू देऊ नका, मित्राचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी.

पायरी ३: जॉब कार्ड, जॉब कार्ड, जॉब कार्ड

सगळा लेख विसरलात तरी हे लक्षात ठेवा. जॉब कार्डावर एक रकाना असतो ज्यात ग्राहक काय म्हणतो ते लिहितात, तिथे ॲडव्हायझरचे नाही, तुमचे शब्द यायला हवेत. मी पाचव्या वेळी घरून कागदावर लिहून नेलं: 'तारीख अमुक, ओडोमीटर १४,२१०, चार्ज ६२ टक्के, फ्लायओव्हर चढताना स्क्रीनवर कासवाचं चिन्ह आलं, मग पॉवर गेली, गाडी चढावर थांबली, वीस मिनिटांनी सुरू झाली, ही पाचवी वेळ'. ॲडव्हायझर म्हणाला मॅडम इतकं बसत नाही सिस्टीममध्ये. मी म्हटलं बसवा, नाहीतर प्रिंटवर हातानं लिहून शिक्का मारा. दहा मिनिटं घासाघीस झाली, मागे रांग लागली, शेवटी बसलं. सिस्टीममध्ये सगळं बसतं.

गाडी परत घेताना चार गोष्टी मागायच्या. एक, काय काम केलं त्याचं लेखी वर्णन, आणि 'नो प्रॉब्लेम फाउंड' असेल तर तेही लेखी. दोन, स्कॅनरला आलेले फॉल्ट कोड, प्रिंट देत नसतील तर स्क्रीनचा फोटो. तीन, रिपेअरच्या आधीची आणि नंतरची एसओएच. चार, पॅक किंवा मॉड्यूल बदललं असेल तर जुना आणि नवा सिरियल नंबर आणि बसवलेला पार्ट नवा आहे की रिफर्बिश्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला. हा चौथा मुद्दा लोक विसरतात, आणि वर्षभरानं 'पॅक बदलून दिला होता' असं कंपनी म्हणते तेव्हा नक्की काय बदललं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

गाडी किती दिवस आत होती ते आत-बाहेरच्या तारखांवरून दिसतं, ते दिवस मोजून ठेवा, नुकसानभरपाईत कामाला येतात. डिलिव्हरीच्या वेळी 'माझं समाधान झालं' छापाच्या कागदावर सही मागतात. गाडी हवी म्हणून सही करावीच लागली तर खाली लिहा: 'दोष गेला की नाही हे चालवल्यावरच कळेल, हक्क राखून सही'. एवढ्या एका ओळीनं पुढे तो कागद तुमच्या विरुद्ध वापरणं अवघड होतं.

बंद पडलेल्या गाडीचा व्हिडिओ काढताना एकाच शॉटमध्ये स्क्रीनवरचा मेसेज, चार्जची टक्केवारी आणि किलोमीटर तिन्ही यायला हवेत, आणि मूळ फाइल फोनमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असल्या डिजिटल पुराव्याबरोबर सर्टिफिकेट जोडावं लागतं, जुन्या कायद्यात याला '६५ बी' म्हणायचे आणि वकील मंडळी अजून तेच म्हणतात.

पायरी ४: डीलरच्या वर जा, पण लेखी

फोनवर कस्टमर केअरशी तासन्‌तास बोलून काही होत नाही, तिकीट नंबर मिळतो आणि दोन दिवसांनी 'रिझॉल्व्ह्ड' होतो. ईमेल करा, डीलर आणि कंपनी दोघांनाही एकाच मेलमध्ये. मेलमध्ये रागवायचं नाही. तारखांचं टेबल, जॉब कार्ड नंबर, प्रत्येक वेळी काय झालं, काय पाहिजे, आणि किती दिवसांत. एवढंच. माझा पहिला मेल दीड पानांचा आक्रोश होता, त्याला उत्तर आलं 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. दुसरा टेबलवाला मेल गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी कंपनीचा एरिया मॅनेजर फोनवर.

समांतर १९१५ वर म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. फुकट आहे, ऑनलाइनही होते. त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, पण बऱ्याचदा तेवढ्यानं गाडी हलते, आणि नाही हललं तरी कंपनीनं दिलेलं उत्तर तुमच्या फाइलमध्ये जमा होतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात, पहिल्यांदाच हे सगळं करणाऱ्याला तिथल्या अनुभवी माणसाशी अर्धा तास बोलणं फार उपयोगी पडतं.

मग नोटीस. कायद्यानं ती सक्तीची नाही, तरी पाठवा, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं, १५ दिवसांची मुदत देऊन. वकिलाच्या लेटरहेडवर असली तर वजन पडतं पण स्वतःही पाठवता येते.

पायरी ५: ग्राहक आयोग

आता मुख्य. आधी तुम्ही 'ग्राहक' आहात का बघा. गाडी व्यवसायासाठी घेतली असेल तर अडचण, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला टॅक्सी घेतली असेल तर चालतं. आणि गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका, संचालकाच्या वापरासाठी कंपनीनं घेतलेली गाडी आपोआप व्यावसायिक ठरत नाही असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये एका महागड्या गाडीच्या प्रकरणात म्हटलंय.

कुठे जायचं हे गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याच्यावर राष्ट्रीय. म्हणजे आपल्यासारख्यांचं जिल्हा आयोगातच भागतं. आणि २०१९ च्या कायद्यातली सगळ्यात छान गोष्ट म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी. बिलावर बारीक अक्षरात 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं छापलेलं बघून गळाठू नका.

फी ऐकून हसाल. ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. टोइंगला याहून जास्त गेले माझे. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन भरता येते, सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहायची विनंतीही करता येते. तरी माझं मत सांगू? अर्ज स्वतः लिहा कारण तुमच्याइतकी गाडी कुणालाच माहीत नाही, पण दाखल करायच्या आधी वकिलाला एकदा दाखवा, आणि तज्ज्ञाच्या उलटतपासणीला वकील घ्याच.

मुदत दोन वर्षांची, दाव्याचं कारण घडल्यापासून. वारंवार होणाऱ्या दोषात प्रत्येक नव्या बिघाडानं मुदत पुढे सरकते असा युक्तिवाद करता येतो आणि योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्या मोठ्या बिघाडापासून दोन वर्षं धरा, कॅलेंडरला दीड वर्षावर अलार्म लावा. 'अजून एकदा रिपेअर करून बघू सर' असं म्हणत म्हणत दोन वर्षं सहज जातात, कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही, पण जातात.

प्रतिवादी म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही घाला आणि कुणाची काय चूक ते वेगवेगळं लिहा. डीलरच्या प्रत्येक चुकीला उत्पादक आपोआप जबाबदार नसतो, हे २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून स्पष्ट झालंय. पॅक सदोष ही उत्पादकाची बाजू, चुकीची जॉब कार्डं आणि महिनाभर गाडी अंगणात धूळ खात ठेवणं ही डीलरची.

अर्जात दोन्ही पाय रोवायचे: उत्पादन दोष आणि सेवेतली त्रुटी. फक्त उत्पादन दोषावर अवलंबून राहिलात आणि तज्ज्ञानं हात वर केले तर सगळंच गेलं. पण आठ वेळा गाडी आणली आणि आठही वेळा दुरुस्त न होता परत गेली ही सेवेतली त्रुटी आहे, त्याला तज्ज्ञ लागत नाही, जॉब कार्डं पुरतात. शिवाय याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७, त्यात कलम ८४ प्रमाणे डिझाइनमधला दोष आणि वॉरंटीप्रमाणे वस्तू नसणं यालाही उत्पादक जबाबदार धरला जातो. सदोष पॅकमुळे अपघात, आग, इजा किंवा घराचं नुकसान झालं असेल तर हे प्रकरण विशेष महत्त्वाचं.

काय मागायचं? इथे भावनेच्या भरात फक्त 'नवी गाडी द्या' लिहितात आणि फसतात. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका कारच्या प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करायचं किंवा बदलायचं बंधन असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश बरोबर नाही. कंपनीचे वकील हा निकाल खिशात घेऊनच फिरतात. म्हणून मागण्या उतरत्या क्रमानं ठेवा: आधी व्याजासकट पैसे परत किंवा गाडी बदलून, ते नसेल तर कारखान्यातून आलेला नवाकोरा पॅक सिरियल नंबर नमूद करून आणि त्यावर नव्यानं वॉरंटी, आणि दोन्हींत टोइंग, टॅक्सी, मानसिक त्रास, केसचा खर्च. टॅक्सीच्या प्रत्येक बिलाची पीडीएफ ठेवा.

ईएमआय थांबवू नका! बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, हप्ता चुकला तर बँक तुमच्या मागे लागेल. भरलेलं व्याज भरपाईत मागा.

पायरी ६: तज्ज्ञ, आणि ते काय काय म्हणतील

कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि रिपोर्टला ४५ दिवस असतात. हा अर्ज तुम्हीच करा, आणि लवकर. खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. पॅकसारख्या गोष्टीला गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था किंवा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा इलेक्ट्रिकल विभाग सुचवा. नुसता गाडीचा साधारण जाणकार आला तर तो चार चक्कर मारून 'गाडी सुरळीत चालते' लिहून जाईल, कारण हे दोष रोज दिसत नाहीत. तपासणीत काय काय बघायचं ती यादी अर्जातच द्या: प्रत्येक सेल ग्रुपचा व्होल्टेज फरक, इन्सुलेशन रेझिस्टन्स, बीएमएसमधला साठवलेला इतिहास, पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता. आणि तोपर्यंत कंपनीनं 'अपडेट' करून इतिहास पुसू नये म्हणून अंतरिम आदेश मागा, आयोगाला तो अधिकार आहे.

समोरून ठरलेले मुद्दे येतात. 'गाडी ४०,००० किलोमीटर चाललीय म्हणजे दोष नाहीच': उत्तर, पहिली तक्रार किती किलोमीटरला होती ते जॉब कार्डावर बघा, आणि मध्ये नाइलाजानं चालवली कारण ईएमआय भरून वर टॅक्सी परवडत नाही. 'फास्ट चार्जिंग जास्त केलं': मग पुस्तकात किती करावं ते लिहिलंय का, आणि माझा चार्जिंगचा हिशोब हा घ्या. 'पाणी शिरलं': पॅकचे फोटो आणि उघडून केलेला रिपोर्ट दाखवा. 'गाडी सरकारी मान्यतेची आहे': असेलच, कारच्या पॅकला एआयएस-०३८ ची सुरक्षा चाचणी लागते आणि २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतर हे नियम आणखी कडक झाले, पण मॉडेल पास झालं म्हणजे त्यातला प्रत्येक नग निर्दोष असं होत नाही.

प्रतिवादीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर अजून १५, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलंय. ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर हरकत घ्या. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात काय होतं ते सांगून तुमचा उत्साह घालवत नाही, पण एक डबा आणि पुस्तक बरोबर ठेवत जा.

एकटेच नाही आहात असं वाटलं तर

तुमच्याच मॉडेलच्या बऱ्याच लोकांना हाच त्रास असेल तर दोन वाटा अजून आहेत. एक, कलम ३५ (१)(क) खाली आयोगाच्या परवानगीनं समान हितासाठी एकत्र तक्रार. दुसरी, रिकॉल. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं, त्यात सुरक्षेला धोका असलेल्या दोषाबद्दल ठराविक संख्येनं मालकांनी वाहन पोर्टलवर तक्रारी केल्या की केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि तेव्हा कंपनीला गाडीचे पैसे, बदली गाडी किंवा दुरुस्ती यांपैकी काहीतरी करावं लागतं. नुसती रेंज कमी झाली म्हणून हे होणार नाही, चालत्या गाडीची पॉवर जाणं मात्र यात बसू शकतं. आधी कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघा, कदाचित तुमचा लॉट आधीच परत बोलावलेला असेल आणि डीलरनं सांगितलंच नसेल.

सोशल मीडियावर लिहायचं तर कागदावर आहे तेवढंच लिहा. 'चोर' वगैरे शब्द टाळा, उगाच अब्रुनुकसानीची नोटीस हातात पडते आणि मूळ भांडण बाजूला राहतं.

पायरी ७: तडजोड झाली किंवा निकाल लागला

आयोग सुरुवातीलाच मध्यस्थीला विचारतो, कलम ३७. मी आधी नाक मुरडलं होतं, पण माझं प्रकरण शेवटी तिथेच मिटलं. कंपनीनं थोडी घट धरून गाडी परत घेतली. कमी मिळाले का? हो. पण तज्ज्ञ, निकाल, अपील असं करत अजून दोन वर्षं गेली असती आणि तोवर गाडीची किंमत तशीही उतरली असती. तडजोडीच्या कागदावर रक्कम, तारीख आणि तारीख चुकली तर व्याज हे तिन्ही हवंच.

निकाल लागला आणि पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशाच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात, त्यामुळे बऱ्याचदा अपिलाऐवजी चेकच येतो. आदेश पाळलाच नाही तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षेची कारवाई, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो, आयोग आपणहून मागे लागत नाही.

गाडी परत द्यायची वेळ आली तर घाईत चावी देऊन येऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्याच्या प्रती ठेवा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, इन्शुरन्स कंपनीला कळवून उरलेल्या काळाचा प्रीमियम मागा, गाडीच्या ॲपमधून तुमचं अकाउंट आणि घरचा पत्ता काढून टाका, ताबा दिल्याची वेळ आणि किलोमीटर लिहून डीलरची सही घ्या. आणि काचेवरचा फास्टॅग. मी सगळं केलं आणि तेवढं विसरले. चार दिवसांनी रात्री पावणेबाराला फोनवर मेसेज आला, टोल कट झाल्याचा. मग अर्ध्या तासानं दुसरा. ज्या गाडीनं मला कधी टोलनाक्यापर्यंत नीट पोचवलं नाही ती टो ट्रकवर बसून माझ्या पैशांनी दोन टोल पार करून गेली होती.